डाव्या पिळाच्या गोट्या

तिला सगळे कानस म्हणत. काचेच्या कारखान्यात बाटल्यांची तोंडं चाकावर घासायचं काम ती पोरवयापासून करत होती, म्हणून हे नाव पडलं असं ती स्वतः सांगे. गल्लीतल्या लोकांच्या मते नाव पडलं ते जिभेमुळे. आणि ज्यांच्या कानाखाली तिनं कधी ना कधी आवाज काढला होता, ते या विषयावर मत देत नसत.

पाववाला सकाळी सायकलची घंटा फार वाजवायचा, तर तिनं ती उपटून त्याच्याच कपाळावर आपटली होती. वरच्या मजल्यावरचा शिंपी पिऊन आला की बायकोला मारायचा. कानस एकदा जिना चढून गेली, त्याला कॉलरला धरलं आणि खाली आणलं, आणि आणताना एकही पायरी वगळली नाही. शिंप्याची दारू काही सुटली नाही, पण त्यानंतर प्यायला की तो दुकानातच झोपू लागला. लग्न कानसनंही केलं होतं. नवरा गरीब गाय होता. एका संध्याकाळी काडेपेटी आणतो म्हणून बाहेर पडला, तो अजून काडेपेटीच शोधतो आहे. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे. पोरपणी मोरीत पाय घसरून पडली होती, तेव्हापासूनचं ते. त्यामुळे ती सगळ्यांशी ओरडूनच बोले, आणि साधी चौकशी केली तरी समोरचा एक पाऊल मागे सरके.

पण हे सगळं किरकोळ. तिचा खरा दरारा होता तो एकाच माराचा. सोळा वर्षांची असताना तिनं गोट्यांच्या शेडमधल्या मुकादमाचा जबडा लोखंडी सळईनं फोडला होता. मुकादमानं तिच्या बापाचा उजवा हात मोडला, म्हणून तिनं मुकादमाचं तोंड मोडलं, इतकं ते सरळ होतं. कारखान्यात गोट्यांचं मशीन आलं, संप झाला, फाटकापाशी मारामारी झाली, तेव्हाची ही गोष्ट. पोलीस आले तेव्हा गल्लीतल्या कुणी तोंड उघडलं नाही, आणि मुकादमाला तर ते उघडताच येत नव्हतं. ती सळई कानसनं जपून ठेवली होती. इतकी वर्षं ती दाराला आतून अडसर म्हणून लागत होती.

मुकादम कुठे गेलाही नाही. समोरच्याच खोलीत राहिला, म्हातारा झाला. जबडा वाकडाच जुळला होता. त्याला चावता येत नसे, पाव चहात बुडवून चमच्यानं खाई, आणि खाताना हनुवटीखाली फडकं धरी. रोज सकाळी कानस उंबऱ्यात येऊन चूळ भरायची आणि ती त्याच्या दाराच्या दिशेनं अशी फेकायची की बरोबर त्याच्या पायरीला भिडावी. चाळीस वर्षांच्या सरावानं नेम चांगला बसला होता. तिच्या आयुष्यात बाकी काही धड झालं नव्हतं, संसार नाही, पोरबाळ नाही, कारखान्यात बढती नाही. पण एक काम आपण अगदी बरोबर केलं, बापासाठी केलं, एवढ्या एका गोष्टीवर ती ताठ उभी होती.

तिच्या घरातली मोरी वर्षानुवर्षं तुंबायची. तिची म्हातारी आई म्हणे, या घरात काहीच खाली उतरत नाही. यंदा पाणी स्वयंपाकाच्या जागेपर्यंत आलं, तेव्हा कानसनं नळवाल्याला बोलावलं. त्यानं फरशी उखडली, खालच्या खापरी नळाच्या वळणावर हातोडा घातला, आणि फुटलेल्या तोंडातून काळ्या चिखलाबरोबर गोट्या बाहेर पडल्या. दोन-चार नाही, अर्धी बादली भरली. नळवाल्यानं हसत विचारलं, या घरात पोरं होती तरी किती? घरात पोर म्हणजे कानस एकटीच, आणि तिला कधी गोट्या खेळू दिल्या नव्हत्या.

तिनं त्या धुण्याच्या सोड्यात घातल्या, फडक्यानं पुसल्या आणि खिडकीशी नेल्या. गोटी पाहायची कशी, हे कारखान्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पहिल्यांदा बघायचे देठ. हातानं केलेली गोटी तापलेल्या काचेच्या कांडीवरून कात्रीनं तोडलेली असते, त्यामुळे फळाला असतो तसा तिच्या दोन्ही टोकांना खरखरीत ठिपका राहतो. मशीनच्या गोटीला देठ नसतो. या सगळ्यांना देठ होते, म्हणजे या मशीन यायच्या आधीच्या, कारण मशीन आलं त्या दिवसापासून शेडमध्ये एकाही माणसानं हातानं गोटी केली नाही.

मग बघायचा धागा. जुन्या शेडमध्ये दिवसाअखेर कुणाचं काम किती, हे कळावं म्हणून प्रत्येक कारागीर आपल्या कांडीत आपल्या रंगाचा एक धागा ओढायचा. कुणाचा लाल, कुणाचा दुधी. पिवळा धागा एकाचाच होता. कानसनं एक गोटी उजेडात धरली. आत पांढऱ्या रेघांच्या मधोमध पिवळा धागा होता. दुसरीतही होता, तिसरीतही होता. बाबांच्या गोट्या होत्या त्या. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, घरात त्याचा धड फोटोसुद्धा नव्हता, आणि आज तो अर्धी बादली भरून परत आला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नळवाल्यानं पाहिलं, म्हणून तिनं त्याला एक ठेवून दिली.

बापानं स्वतःच्या हातानं दिलेली एक गोटी तिच्याकडे आधीपासून होती. मोरीत पडल्यावर तिला दीड-दोन वर्षं मामाकडे धाडलं होतं, तेव्हा निघताना बापानं ती तिच्या मुठीत ठेवली होती. कपाटात, डबीत, कापसात ठेवलेली ती गोटी तिनं काढली आणि नव्या गोट्यांच्या शेजारी ठेवली, आणि तिचा चेहरा उतरला. पीळ उलटा होता.

कांडी तापलेली असताना तिला पीळ देतात, आणि उजव्या हाताच्या माणसाचा पीळ एका अंगाला जातो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. डबीतल्या गोटीचा पीळ उजवा होता. मोरीतल्या सगळ्यांचा डावा. तिनं एक गोटी उलटी धरून पाहिली. पीळ तसाच राहिला, कारण गोटी कशीही फिरवली तरी तिचा पीळ बदलत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं सगळ्या उलट्या करून पाहिल्या. तिचा बाप काही डावखुरा नव्हता. त्याचा उजवा हात कसा चालायचा ते तिनं पाहिलं होतं.

मग तिला एकदम उलगडा झाला. मुकादमानं बाबांचा धागा चोरला! कुणा डावखुऱ्या नवख्याकडून कच्च्या गोट्या करवून घेतल्या, त्यात पिवळा धागा घालायला लावला, आणि बाबांचं नाव शेडमध्ये बुडवलं. हात मोडायच्या आधी त्यानं हेही केलं होतं तर! त्या गोट्या आपल्याच मोरीत कशा आल्या, हा प्रश्न तिला पडला नाही. राग आला की कानसला प्रश्न पडत नसत. आई तेवढ्यात बादलीपाशी आली, आत डोकावली, आणि टाकून दे म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, टाकून दे. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

कानसला आता पुरावा हवा होता. जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्यायची आणि मग भर गल्लीत त्या थेरड्याच्या नाकासमोर गोट्या नाचवायच्या, असं तिनं ठरवलं. बाजाराच्या टोकाला जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. तिथला म्हातारा दुकानदार दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसे. बटणं, किल्ल्या, घड्याळं, अत्तराच्या बाटल्या, आणि काचेच्या ताटात मांडलेल्या जुन्या गोट्या. सगळे त्याला भिंगवाला म्हणत. कानसनं गोट्या भरून आणलेली पिशवी त्याच्या टेबलावर ओतली, डबीतली गोटी बाजूला ठेवली, आणि सांगितलं की ही माझ्या बापाची, आणि या चोराच्या, हे मला स्वच्छ सांग.

भिंगवाल्यानं घाई केली नाही. एकेक गोटी बोटांत फिरवत तो आपल्याशीच बोलावं तसं सांगत राहिला. या खेळलेल्या नाहीत, कारण गोटीवर गोटी आपटली की कातडीखाली नखासारखी चंद्रकोर उमटते, ती एकीलाही नाही. म्हणजे शेडमधून निघाल्या त्या सरळ नळातच गेल्या. त्यानं देठ पाहिले, डबीतल्या गोटीचा देठ पाहिला, पुन्हा पिशवीतल्यांचे पाहिले. मग त्यानं त्या टेबलावर एका ओळीत लावायला सुरुवात केली. एका टोकाला अगदी बेढब, लांबुळक्या, पीळ मध्येच तुटलेला. पुढे जरा बऱ्या. दुसऱ्या टोकाच्या अशा की डबीतल्या गोटीशेजारी ठेवाव्यात.

"चोर कुणी नाही यात," तो म्हणाला. "कात्री एकच आहे. तिच्या पात्याला एक खाच होती, ती प्रत्येक देठावर उठलीय, तुझ्या डबीतल्या गोटीवरही आहे. माणूस एकच. फक्त हात बदललाय. उजवा निकामी झाला असणार, मग बिचारा डाव्यानं पुन्हा पहिल्यापासून शिकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत यायला वर्ष तरी गेलं असेल."

कानसनं त्याला बजावलं की तिच्या बापाचा हात मशीन आलं त्याच दिवशी मोडला, आधी नाही. भिंगवाल्यानं भिंग डोळ्यावरून काढलं. मशीन आल्यावर हातानं पीळ घालणारं कुणी उरलं होतं का, असं त्यानं साधेपणानं विचारलं. मग या त्याच्या आधीच्याच की, तो म्हणाला.

तिनं टेबल उलथवलं. काचेचं ताट फुटलं, घड्याळं गडगडली, आणि टेबलाची कड लागून भिंगवाल्याची भुवई फाटली. त्याला धरायला ती पुढे झाली तेव्हा तो मागे कपाटाला टेकला होता आणि डोळ्यात उतरणारं रक्त बाहीनं पुसत होता. पळाला नाही, ओरडला नाही. तिच्या पायाखाली गोट्या होत्या, त्याच्या आणि तिच्या एकत्र झालेल्या. ती गुडघ्यांवर बसली आणि पिवळा धागा शोधून एकेक वेचू लागली. थोड्या वेळानं तोही खाली बसला आणि रक्ताळलेल्या बोटांनी तिच्या गोट्या तिच्याकडे सरकवू लागला. माफी मागायची तिला सवय नव्हती. ती पिशवी घेऊन निघाली.

रस्त्यात तिला एक गोष्ट आठवली आणि ती मध्येच थांबली. मागून येणारा हातगाडीवाला शिव्या देत वळला, त्यालाही तिनं काही केलं नाही. मामाकडे निघाली त्या सकाळी बाप दारात उभा होता. त्याच्या उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. भट्टीवरचे सगळेच पुरुष हाताला ओलं फडकं गुंडाळत, त्यामुळे त्यात तिला काही वाटलं नव्हतं. पण ती गोटी त्यानं तिच्या मुठीत ठेवली होती ती डाव्या हातानं. चाळीस वर्षं ती ही आठवण उराशी धरून होती, आणि कोणत्या हातानं हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

घरी आई ताटात मटार सोलत बसली होती. कानसनं पिशवी तिच्या पुढ्यात टाकली.

"बाबांचा हात कधी मोडला?"

"तू मामाकडे गेलीस त्याच्या आदल्या दिवशी," आई म्हणाली. शेंग सोलणं तिनं थांबवलं नाही.

"मुकादमानं?"

"मी."

मग आईनं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. बाप मारायचा. दार लावून मारायचा, तोंडावर मारत नसे, म्हणून कुणाला दिसत नसे, आणि पोरीच्या समोर तर तो देवमाणूसच होता. त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं, आणि पोर मध्ये आली. त्यानं तिला उजव्या हाताची एक लगावली. ती मोरीच्या कठड्यावर पडली, डाव्या कानातून रक्त आलं, डोळे पांढरे झाले. पडलेल्या पोरीवर त्यानं पुन्हा हात उगारला, आणि तोल सावरायला तोच हात चौकटीवर टेकवला. आईच्या हाताशी खलातला लोखंडी बत्ता होता.

"एका घावात हात मोडत नाही," आई म्हणाली. "मोडेपर्यंत मारावं लागतं."

पोरीला दुसऱ्या दिवशी पहाटे शुद्ध आली. काही आठवत नव्हतं, तेव्हा मोरीत घसरून पडलीस असं सगळ्यांनी सांगितलं. कानस ऐकत होती, आणि ऐकताना तिचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. मी परत आले तेव्हा का नाही बोललीस, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, बोलणार कधी? तू आलीस, बापानं मोडका हात दाखवून मुकादमाचं नाव घेतलं, आणि तू सळई उचलून गेलीससुद्धा. परत आलीस तेव्हा सळईला रक्त होतं. त्या रात्रीपासून तुझा बाप तुला भ्यायला. पुन्हा त्यानं माझ्या अंगाला बोट लावलं नाही. मरेपर्यंत नाही.

"मी पहिल्यांदा स्वस्थ झोपले," आई म्हणाली. "त्या माणसाच्या जबड्यावर झोपले, हे मला ठाऊक होतं. तरी झोपले."

कानसचा हात वर गेला. म्हातारीनं डोकंही बाजूला घेतलं नाही. तिनं फक्त त्या उगारलेल्या हाताकडे पाहिलं, लांब हाडांकडे, रुंद पंजाकडे, आणि म्हणाली, "अगदी त्याचाच आहे."

तो हात खाली आला तो मांडणीवर. कपबश्या, बरण्या, तेलाची बाटली, सगळं खाली आलं. उरलेलं तिनं उचलून उचलून भिंतीवर फोडलं. तिचा तळवा चिरला, मटार काचांत मिसळले, आई जागची हलली नाही. फोडायला काही उरलं नाही, तेव्हा कानसनं पिशवी उचलली, दारामागची सळई काढली आणि ती रस्ता ओलांडून गेली.

गल्लीनं हे पाहिलं. कानस, हातात सळई, हाताला रक्त, आणि जातेय कुठे तर मुकादमाकडे. पाववाल्यानं सायकल भिंतीला लावली. शिंपी मान मोडेल इतका खिडकीतून वाकला. राहिलेला अर्धा जबडाही आज जातोय, असं कुणीतरी म्हणालं.

मुकादम खाटेच्या कडेवर बसला होता. समोर स्टुलावर चहाचा पेला, त्यात फुगलेला पाव. त्यानं सळई पाहिली, चमचा खाली ठेवला, आणि हनुवटीखालचं फडकं नीट घडी करून बाजूला ठेवलं. बहुतेक ते खराब होऊ नये म्हणून. उठायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

तिनं पिशवी खाटेवर ओतली.

त्यानं एक गोटी उचलली. डोळे अधू झाले होते, पण बोटं चाचपत होती. देठ चाचपला, बेढब पोट चाचपलं, आणि त्याच्या वाकड्या तोंडातून एक आवाज आला. ते हसू होतं, हे तिला मागाहून कळलं. तो हळू, ओठांच्या एका बाजूनं बोले, आणि उजवा कान त्याच्याकडे केल्याशिवाय तिला शब्द लागत नसत, म्हणून तिला त्याच्याजवळ वाकावं लागलं. ही अगदी पहिल्या आठवड्यातली, तो म्हणाला. ही थंडीतली, भट्टी नीट तापत नव्हती तेव्हाची. ही बघ, इथे त्याला जमायला लागलं. मोडक्या हाताच्या माणसाला शेडमध्ये ठेवायचा हुकूम नव्हता. पण घरात बायको आहे, पोर आहे, म्हणून मुकादमानं त्याला भट्टी राखायला बसवलं, हातावरचं फडकं सुटू दिलं नाही, आणि मालकाला किंवा शेडमधल्या कुणाला कळू दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत शेडची कडी लावून तो तिच्या बापाला डाव्या हातानं पीळ घालायला शिकवत असे. बेढब असोत की चांगल्या, डाव्या पिळाच्या गोट्या मोजणीत दिसल्या असत्या, म्हणून खिशात घालून घरी ने आणि कुठेतरी बुजव, असं त्यानंच सांगितलं होतं.

हात कसा मोडला हे विचारलं नाहीत का, असं कानसनं विचारलं. या माणसाला ती पोरपणी मुकादमकाका म्हणायची. त्यानंतर आजच तिच्या तोंडून अहो-जाहो निघालं होतं.

विचारलं नाही, तो म्हणाला. त्याच्या बायकोचा सुजलेला खांदा एकदा दिसला होता, त्यावरून अंदाज आला. मग मशीन आलं, सगळेच घरी बसले, फाटकापाशी त्यानं सगळ्यांसमोर फडकं सोडलं आणि लोकांनी विचारलं, कुणी केलं? बायकोनं केलं असं कोणता पुरुष सांगेल? मालकाचा माणूस म्हणून मी समोरच उभा होतो.

"पण मला सांगायचं होतं तुम्ही. मी सळई घेऊन आले तेव्हा सांगायचं होतं."

"तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता," मुकादम म्हणाला. "मला वाटलं, आता बोलेल, आता पोरीला थांबवेल. मी त्याच्याकडे बघत होतो. तुझ्याकडे नाही."

त्यानंतर जबडा कित्येक महिने तारेनं बांधलेला होता. तोंड उघडलं तेव्हा कुणी विचारायला येत नव्हतं, आणि पुढे तिचा बाप मेला. मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या पोरीला काय सांगायचं, असं म्हणून तो गप्प बसला, आणि मग गप्प बसायचीच सवय झाली.

कानसनं सळई त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. हाणा, ती म्हणाली. तोंडावर हाणा. त्यानं सळईचं वजन हातात घेतलं, आणि एक क्षण तिला वाटलं की तो हाणणार. तिनं डोळे मिटले. तिला ते मनापासून हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मारून मोकळी झाली होतीस. आता मार खाऊन मोकळी व्हायला आलीस. तसं नाही व्हायचं." त्यानं सळई खाटेखाली सरकवून दिली. "माझं तोंड तू बंद केलंस. आता माझ्या वाटचं तू बोल. दार उघडं आहे, सगळे जमलेत."

ती उठली आणि पायरीवर आली, त्याच पायरीवर जिला ती रोज सकाळी चूळ मारत होती. समोर सगळी गल्ली उभी होती. तिचा आवाज बाजाराच्या टोकापर्यंत जायचा, पण आज ती एकेक शब्द सुटा करत बोलली. 

"माझ्या बापाचा हात यांनी मोडला नाही. माझ्या बापानं खोटं सांगितलं. मी यांना उगाच मारलं."

मग शिंप्यानं वरून विचारलं, मग मोडला कुणी? कानसची नजर आपल्या घराकडे गेली. समोरच्या दारात तिची आई येऊन उभी होती, ओच्यात काचा आणि मटार, पाय अनवाणी. ती शिंप्याकडे पाहत होती, आणि पाहता पाहता सगळ्या गल्लीकडे पाहत होती.

"मी मोडला," म्हातारी म्हणाली. "आणि आज असता तर आज मोडला असता."

शिंप्यानं खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानस नेहमीच्या वेळी उठली. तळव्याला चिंधी बांधलेली होती, दाराला अडसर नव्हता. तिनं तांब्या घेतला, तोंडात पाणी भरलं, गाल फुगवून खळखळवलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उंबऱ्यात आली. समोर मुकादम आपल्या पायरीवर ऊन खात बसला होता. त्याच्या हातात एक गोटी होती, सगळ्यांत बेढब, लांबुळकी. तो ती बोटांत फिरवत होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि सवयीनं पाय आवरून घेतले.

ती तशीच उभी राहिली, गाल फुगलेले, डोळे त्याच्या आवरलेल्या पायांवर. मग तिनं ती चूळ गिळली.